एक्स-रे साफ आला तरी खुबा दुखत होता

दुखणं जांघेत सुरू झालं. मांडी जिथे पोटाला मिळते त्या घडीत, खोल आत, नेमकं बोट ठेवता येणार नाही अशा जागी. खुर्चीतून उठलं की पहिली चार पावलं लंगडत पडायची, मग सांधा मोकळा झाल्यासारखा वाटायचा आणि चालणं जमायचं. संध्याकाळपर्यंत कळ मांडीच्या पुढच्या बाजूने उतरत उजव्या गुडघ्यात येऊन बसायची. मोजा घालायला पाय वर घ्यावा तर जांघेत चमक, गाडीत बसताना पाय आत ओढून घ्यावा तर पुन्हा तीच चमक. पुढे पुढे रात्री कूस बदलतानाही जाग यायला लागली.

त्याआधी मी नेफ्रॉटिक सिंड्रोममधून बाहेर येत होते. मूत्रपिंडातून प्रथिनं गळून जातात आणि अंगावर सूज चढते, तो आजार. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड त्यावरचं नेहमीचं पहिलं औषध, आणि सुरुवातीचा डोस मोठा असतो: वजनाच्या दर किलोमागे रोज १ मिलिग्रॅम, तोही कित्येक आठवडे. माझी मूत्रपिंडं त्या गोळ्यांनी वाचली. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की गोळ्या घेतल्याच नसत्या तर बरं झालं असतं. तसं झालं नसतं.

गुडघा दुखतो म्हटल्यावर गुडघ्याचा एक्स-रे निघाला. त्यात काही नव्हतं. मग कंबरेचा एमआरआय झाला आणि त्यात एका मणक्याची गादी थोडी सरकलेली दिसली. अशी सरकलेली गादी काहीच न दुखणाऱ्या कित्येक माणसांतही दिसते. पण अहवालात काहीतरी सापडलं की दुखण्याला तेच कारण चिकटतं. कंबरेचे व्यायाम सुरू झाले. शेवटी एका डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढला. तो साफ आला, आणि ‘हाड उत्तम आहे, स्नायू आखडलाय’ असं सांगून मला घरी पाठवलं गेलं.

खरी तपासणी झाली ती मूत्रपिंडाच्या दवाखान्यात. नेहमीच्या भेटीला गेले होते. दारातून टेबलापर्यंत येताना डॉक्टरबाईंनी मला पाहिलं आणि रिपोर्टची फाइल उघडायच्या आधीच विचारलं, “लंगडताय का?”

“कंबरेचं आहे म्हणालेत, मॅडम.”

“दुखतं कुठे ते हाताने दाखवा बरं.”

मी हात खुब्यावर ठेवला तो आपोआप कवेत धरल्यासारखा पडला: अंगठा मागे, बोटं पुढे जांघेत. त्यांनी मान हलवली. रुग्ण असा हात ठेवतो तेव्हा दुखणं बहुतेक सांध्याच्या आतलं असतं, हे मला नंतर कळलं. मग त्यांनी मला उताणं झोपवलं, उजवा गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवला आणि एका हाताने गुडघा स्थिर धरून पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं. पाऊल बाहेर गेलं की मांडी आतल्या अंगाला फिरते. पाऊल जेमतेम वीतभर सरकलं असेल, आणि गेले कित्येक महिने मी जिचं वर्णन करू पाहत होते ती कळ जशीच्या तशी जांघेत उठली. डावीकडे तेच केलं तेव्हा काही झालं नाही.

“गोळ्या चालू ठेवा, स्वतःहून एकही कमी करू नका,” त्या म्हणाल्या. “पण खुब्यांचा एमआरआय लगेच करून घ्या. एकाच बाजूचा नाही, दोन्ही.”

डावा तर दुखत नाही, असं मी म्हणाले. म्हणूनच, त्या म्हणाल्या. स्टेरॉइडमुळे खुब्याचं हाड मरण्याचा हा विकार अर्ध्याहून अधिक रुग्णांत दोन्ही बाजूंना सापडतो, आणि जी बाजू अजून बोलत नाही तिथेच करण्यासारखं सगळ्यात जास्त उरलेलं असतं.

एमआरआयला कुठलंही इंजेक्शन लागलं नाही. या निदानासाठी बहुधा लागत नाही. अहवाल घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवली. मांडीच्या हाडाचं गोल डोकं, आणि उजवीकडच्या डोक्याच्या वरच्या भागात एक वेडीवाकडी रेघ. नीट पाहिलं तर रेघा दोन होत्या, एक काळी आणि तिच्या आतल्या अंगाला लागून एक पांढरी, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या. त्या किनाऱ्याच्या आत होतं ते मेलेलं हाड; पांढरी रेघ म्हणजे ते दुरुस्त करायला बाहेरून आत सरकणाऱ्या जिवंत ऊतींची आघाडी. डावीकडेही तसाच एक डाग होता, लहान, आतल्या कडेला. तिथे मला कधी एकदाही दुखलं नव्हतं. निदान दोन्ही बाजूंचं एकच: एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजे रक्त न पोचल्याने हाडाचा तुकडा मरणं. दवाखान्यात सगळे नुसतं ‘एव्हीएन’ म्हणतात.

मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पोचवणाऱ्या वाटा मुळातच थोड्या. हाडाच्या मानेला बिलगून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर जवळपास सगळी भिस्त असते, आणि त्या अडल्या तर पर्यायी रस्ता फारसा नाही. हाडाची ही मान मोडली किंवा खुबा उखळीतून निखळला तर त्या तुटतात. मोठ्या डोसचं स्टेरॉइड आणि वर्षानुवर्षांची दारू ही अपघाताशिवाय होणाऱ्या एव्हीएनची दोन सगळ्यात मोठी कारणं. सिकलसेल, ल्युपस, खोल पाण्यात काम करणाऱ्या पाणबुड्यांना होणारा दाबाचा आजार, रेडिएशन, ही आणखी काही. काही जणांत कारण सापडतच नाही. स्टेरॉइड हे नेमकं कसं करतं याची एकच एक साखळी नाही, पण मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगून बंदिस्त हाडाच्या आत दाब वाढतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि हाडाच्या पेशी थेटही मरतात, असं मला समजावण्यात आलं.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती यापुढची गोष्ट. हाड मेलं म्हणून लगेच मोडत नाही. मेलेलं हाडही काही काळ वजन पेलतं, आणि एक्स-रेवर ते जिवंत हाडासारखंच दिसतं; म्हणून माझा एक्स-रे साफ होता. नुकसान दुरुस्तीच्या काळात होतं. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी नवं हाड घालणाऱ्या पेशींच्या पुढे पळतात, मधल्या काळात कूर्चेखालचा, म्हणजे सांध्यात हाडावर असणाऱ्या गुळगुळीत थराखालचा, आधार पोकळ होतो, आणि रोजच्या चालण्याच्या वजनानेच तिथे तडा जातो. मग डोक्याचा गोलावा बसतो. गोल उरला नाही की उखळीच्या सांध्यात तो घासत राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत सगळाच सांधा झिजायला लागतो.

डॉक्टर या प्रवासाच्या पायऱ्या मोजतात. पहिल्या पायरीला फक्त एमआरआयमध्ये दिसतं. दुसरीला एक्स-रेवर पांढरेकाळे ठिपके दिसू लागतात, पण गोल शाबूत असतो. तिसरीला कूर्चेखाली तडा, मग खड्डा. खड्डा २ मिलिमीटरपेक्षा उथळ की खोल यावर पोटभाग पडतात. चौथीला संधिवात. माझा उजवा खुबा तोवर दुसऱ्या पायरीला आला होता आणि डाग मध्यम होता, डोक्याच्या १५ ते ३० टक्के. डावा पहिल्या पायरीला, १५ टक्क्यांच्या आत, आणि वजन पडतं त्या छतापासून दूर. एव्हीएन झालंय असं कुणी सांगितलं तर माझा पहिला प्रश्न हाच असतो: गोल शाबूत आहे की बसला? आणि डाग केवढा, नेमका कुठे? नुसत्या ‘एव्हीएन’ या नावावरून पुढचं काहीच ठरत नाही.

डाव्यासाठी निर्णय सोपा होता: हात लावायचा नाही, नजर ठेवायची. न दुखणारे, लहान, आतल्या कडेचे डाग पुष्कळदा जागच्या जागी राहतात. उजव्याला शस्त्रक्रिया सुचवली, कोअर डीकंप्रेशन, म्हणजे डागापर्यंत हाडात भोक पाडून आतला दाब उतरवणं, आणि त्याबरोबर कमरेच्या हाडातून मज्जा काढून, तिच्यातल्या पेशी घट्ट करून डागात सोडायच्या. यश डागाच्या आकारावर अवलंबून असतं आणि मध्यम डागात खात्री देता येत नाही, हे सर्जननी तेव्हाच स्वच्छ सांगितलं. हाडं घट्ट करणाऱ्या बिसफॉस्फोनेट गोळ्यांबद्दल मी विचारलं. काही अभ्यासांत त्यांनी डोकं बसणं लांबलं, काहींत फरकच दिसला नाही, असं ते म्हणाले. शिवाय माझ्या बाबतीत आधी मूत्रपिंडांचं बघावं लागणार होतं. दुखण्यावरच्या नेहमीच्या ब्रूफेनसारख्या गोळ्याही त्याच कारणाने मला बंद. पॅरासिटामॉल, आणि वजन कमी टाकणं, एवढंच हाती होतं.

याच काळात सल्ले देणारे खूप भेटले. मालिश करा, सांधा ओढून बसवून घ्या, अमुक काढ्याने हाड पुन्हा जिवंत होतं. सल्ल्यांमागची माया मला कळत होती. पण कूर्चेखाली पोकळ होत चाललेल्या डोक्यावर जोर देऊन कुणी सांधा फिरवावा, ही कल्पना चित्रं पाहिल्यानंतर मला सहन होत नव्हती, आणि दुसऱ्या कुणी ते करू नये असं आजही कळकळीने वाटतं.

शस्त्रक्रिया कण्यातून भूल देऊन झाली. स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाला त्या दिवशी शिरेतून जादा हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड द्यावं लागू शकतं, कारण असं स्टेरॉइड बनवणारी शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावलेली असते. मी ते भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूने छोटी चीर, तिथून ड्रिल, आणि दर थोड्या वेळाने खुब्यावर आणलेल्या एक्स-रे यंत्राच्या पडद्याकडे पाहत पुढे सरकणं. दुखत काहीच नव्हतं, पण ड्रिलची थरथर छातीपर्यंत जाणवत होती. टोक कूर्चेच्या अलीकडे थांबलं पाहिजे, पलीकडे जाता कामा नये. डागातला दाब उतरतो, आणि नव्या रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट मिळते.

या शस्त्रक्रियेनंतर हाडाच्या कुशीला भोक राहतं आणि ते भरेपर्यंत तिथून मांडीचं हाड मोडण्याची भीती असते. म्हणून ६ आठवडे कुबड्या, आणि उजव्या पायावर २० किलोपेक्षा जास्त वजन नाही. २० किलो म्हणजे किती हे शरीराला कसं कळणार? फिजिओथेरपिस्टने साधा वजनकाटा जमिनीवर ठेवला, डावा पाय काट्याच्या उंचीच्या फळीवर, उजवा काट्यावर. “ताई, हळूहळू टाका… थांबा. आता डोळे मिटा. पाय उचला. आता पुन्हा तेवढंच टाका.” डोळे उघडले की काटा ३५ दाखवायचा. पुन्हा, पुन्हा. हळूहळू तळव्याला ते वजन पाठ झालं. घरी गेल्यावर रोज सकाळी मी काट्यावर ती उजळणी करायची. कुबड्या देताना नुसतं ‘थोडंच वजन टाका’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे शिकवायलाच हवं.

जिन्याचा नियम असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. पुढे काठी आली तेव्हा ती डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध बाजूला. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. पण एका पायावर उभं राहताना कमरेचा तोल सांभाळायला खुब्याच्या बाजूचे स्नायू इतके ताणले जातात की सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. विरुद्ध हातातली काठी त्या स्नायूंचं काम वाटून घेते, आणि म्हणून तिच्यावर थोडासा जोर दिला तरी खुब्यावरचा भार बराच उतरतो. त्याच हाताला काठी धरली तर हा फायदा जवळजवळ जातो.

त्यानंतरचा काळ चांगला गेला. रात्रीचं दुखणं थांबलं, मोजे घालता येऊ लागले, काठी सुटली. दर काही महिन्यांनी एक्स-रे निघायचा, समोरून एक आणि गुडघा बाहेर पाडून एक. हा दुसरा कोन महत्त्वाचा, कारण डोक्याचा पुढचा भाग समोरून झाकला जातो आणि तडा बहुतेक तिथेच असतो.

मग एके दिवशी पायरीवरून उतरताना जांघेत कट्कन झालं. त्याच क्षणी मला कळलं. पाय टेकवेना. गुडघा बाहेर पाडून काढलेल्या एक्स-रेत कूर्चेच्या लगेच खाली चंद्रकोरीच्या आकाराची बारीक काळी रेघ होती, आणि पुढच्या काही महिन्यांत डोकं २ मिलिमीटरपेक्षा जास्त बसलं. डीकंप्रेशन वाया गेलं का, असं मला विचारतात. मला तसं वाटत नाही. त्याने मला विनावेदना चालण्याचा मोठा काळ दिला, त्या काळात मूत्रपिंडं स्थिरावली, स्टेरॉइडचा डोस अगदी खाली आला, आणि कृत्रिम सांध्याला मी बऱ्याच चांगल्या तब्येतीत सामोरी गेले. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने कमी स्टेरॉइडवर शस्त्रक्रिया होणं ही लहान गोष्ट नाही.

एकदा गोल बसल्यावर सांधा वाचवणाऱ्या शस्त्रक्रियांना फारसा अर्थ उरत नाही. सांधा बदलणं हाच भरवशाचा मार्ग. तरुण वयात तो किती टिकेल, ही माझी खरी धास्ती होती. सर्जननी मला २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक अभ्यास सांगितला. वेगवेगळ्या देशांच्या नोंदवह्यांवरून काढलेला अंदाज असा, की साधारण ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकतात. म्हणजे माझ्या आयुष्यात कधीतरी तो पुन्हा बदलावा लागेल ही शक्यता धरूनच मी होकार दिला. सिमेंट न वापरता बसवलेला टायटॅनियमचा दांडा आणि वाटी, सिरॅमिकचा गोळा, आणि वाटीत जादा टिकाऊ केलेल्या पॉलिएथिलीनचं अस्तर.

शस्त्रक्रियेनंतर त्यांनी काढलेल्या माझ्या हाडाच्या डोक्याचा फोटो दाखवला. वरून कूर्चा गुळगुळीत, पांढरी, जवळजवळ निरोगी. फक्त एका जागी ती आत चेपलेली होती. कापलेल्या बाजूने पाहिलं तर कूर्चेखाली फट, आणि त्याखाली पिवळट, निर्जीव, भुसभुशीत तुकडा. एवढ्याशा तुकड्याने माझं सगळं चालणं ताब्यात घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभी राहिले. जखमेचं दुखणं होतं, पण जांघेतली ती जुनी खोल कळ नव्हती. पहिल्याच पावलाला फरक कळला. यावेळी पूर्ण वजन टाकायला परवानगी होती, बंधनं वेगळी होती. सांध्यापर्यंत मागच्या बाजूने गेले होते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. या तिन्ही एकत्र झाल्या तर गोळा निखळू शकतो. कमोडवर उंची वाढवणारी बैठक, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, बूट चढवायला लांब दांड्याचं शूहॉर्न. पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं औषध. उकिडवं बसणं मी कायमचं सोडलंय. सर्वांत चिवट ठरला तो खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचा अशक्तपणा: इतका काळ लंगडल्यावर ते स्नायू आपोआप परत येत नाहीत, कुशीवर झोपून पाय उचलण्याचा कंटाळवाणा व्यायाम महिनोन्महिने करावा लागतो. मी अजून करते.

ज्यांना मोठ्या डोसचं स्टेरॉइड मिळालंय, कुठल्याही आजारासाठी, त्यांना माझं सांगणं आहे. जांघेत, मांडीच्या पुढे किंवा गुडघ्यात दुखायला लागलं, पाय आत वळवताना कळ आली, आणि एक्स-रे साफ असला, तर डॉक्टरांना आपण स्टेरॉइड घेतलंय हे पुन्हा एकदा सांगा, आणि दोन्ही खुब्यांच्या एमआरआयबद्दल स्पष्ट विचारा. औषधं बंद झाल्यानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीही दुखणं सुरू होऊ शकतं, म्हणून जुनं औषध सांगायचं राहता कामा नये. आणि घाबरून स्टेरॉइड एकदम बंद करू नका. अंगाची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते. अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं, शिवाय मूळ आजार उसळतो तो वेगळाच. डोस कमी करायचा तो ज्यांनी सुरू केला त्यांच्याशी बोलून, पायरीपायरीने.

डावा खुबा अजून दुखत नाही. दारू मी घेत नाही, वजन आटोक्यात ठेवते, उड्या मारण्याचे व्यायाम टाळते, पोहते. उजवीकडे टायटॅनियम असलं तरी डाव्याचा एमआरआय करता येतो. शेवटच्या चित्रात डाग तेवढाच होता आणि डोकं गोल होतं. पुढच्या भेटीला दोन्ही बाजूंचा एक्स-रे निघेल: उजवीकडे दांडा हाडात घट्ट आहे ना हे पाहायला, आणि डावीकडे गुडघा बाहेर पाडून, कूर्चेखाली काही दिसतंय का ते पाहायला.